पाहुण्या संघाचे पाहुणे

आयपीएल आणि प्रो कबड्डी या दोन स्पर्धा धरल्या, तर २०२५ अखेरपर्यंत जयपूरच्या संघांनी तीन करंडक जिंकले आणि तिन्ही मुंबईच्या परिसरात येऊन उचलले. १ जून २००८ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर राजस्थान रॉयल्सने शेवटच्या चेंडूवर चेन्नईला हरवलं आणि पहिलीवहिली आयपीएल नेली. ३१ ऑगस्ट २०१४ रोजी जयपूर पिंक पँथर्सने प्रो कबड्डीचा पहिला करंडक मुंबईत, यू मुंबाला मुंबईकरांच्या डोळ्यांदेखत ३५-२४ असं हरवून जिंकला. डिसेंबर २०२२ मध्ये हेच पँथर्स पुन्हा मुंबईत उतरले आणि पुणेरी पलटणला ३३-२९ ने लोळवून गेले. मुंबई झाली, पुणंही झालं. नागपूर आणि कोल्हापूरचा संघ त्या स्पर्धेत नाही म्हणून वाचले.

त्यातही २००८ चा घाव वेगळाच. मुंबई इंडियन्स हा तेव्हा लिलावातला सगळ्यांत महाग संघ होता, ११ कोटी १९ लाख डॉलरचा. रॉयल्स सगळ्यांत स्वस्त, ६ कोटी ७० लाखांचा. मुंबईकराला यातला पराभव सलतो. पुणेकराला सलतो तो भाव: स्वस्तातला माल इतका टिकाऊ निघाला आणि तो आपण नाही घेतला.

तेव्हा जयपूरला सामना बघायला निघणारा मराठी माणूस पर्यटनाला निघालो असं घरी सांगत असला, तरी मनातून तो वसुलीला निघालेला असतो. वसुलीची ही वाट तशी जुनीच. थकलेल्या खंडणीसाठी महादजी शिंदे १७८७ मध्ये जयपूरच्या सवाई प्रतापसिंहांवर चालून गेले. तुंग्याला लढाई झाली, निकाल लागला नाही आणि महादजींना हात हलवत मागे फिरावं लागलं. परतीचा सामना जून १७९० मध्ये पाटणला झाला आणि तो मराठ्यांनी खणखणीत जिंकला. पुढे नऊ वर्षांनी याच प्रतापसिंहांनी हवामहाल बांधला. ९५३ खिडक्या, आतल्यांना रस्त्यावरची मिरवणूक दिसावी आणि रस्त्यावरच्यांना आतलं कुणी दिसू नये अशा बेताच्या. हरलेल्या संघाच्या चाहत्यांसाठी इतकी सोयीची गॅलरी भारतात त्यानंतर कुणी बांधली नाही.

मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी सुटणारी जयपूर सुपरफास्ट दुसऱ्या दिवशी दुपारी जयपूरला पोचते. विमान दोनेक तासांत नेतं, पण दोन तासांत संघनिवड होत नाही. गाडीत बोरिवलीला सलामीची जोडी ठरते. सुरतेच्या आसपास चपातीभाजी सोडली जाते आणि तिसऱ्या क्रमांकावरून मतभेद होतात. वरच्या बर्थवरचे एक काका ‘शिवाजी पार्कला आमच्या वेळी’ असं वाक्य सुरू करतात, ते रतलाम मागे पडलं तरी क्रियापदावर येत नाही. कोट्याला चहा येतो. सवाई माधोपूर येईपर्यंत हार्दिक पंड्याला कर्णधारपदावरून काढून, त्याच्या जागी योग्य माणूस न सापडल्याने सन्मानाने पुन्हा नेमलेलं असतं.

मुक्कामाचा प्रश्न काहींना पडत नाही. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी पट्ट्यातले गलाई कारागीर सोनं-चांदी शुद्ध करण्याच्या धंद्यात देशभरच्या सराफ पेठांमध्ये पांगले. त्यामुळे विट्याकडच्या माणसाने भारताच्या नकाशावर डोळे मिटून बोट ठेवलं, तरी तिथे एखादा मेव्हणा निघण्याची शक्यता असते. जोहरी बाजारासारखी पेठ असलेल्या जयपुरात तर विचारायलाच नको. पंचाईत होते ती पुढच्या पिढीशी. बहिणीचा मुलगा जन्मला जयपुरात, शाळेत गेला जयपुरात, आणि मामाला स्टेशनवर न्यायला येतो तो गुलाबी जर्सी घालून. ‘‘मामासा, तुमची टीम तर गेली,’’ असं तो पाया पडता पडताच सांगतो. मामाचा आशीर्वाद तोंडातल्या तोंडात राहतो.

शहरात शिरताच मात्र पाहुण्याला शुभशकुन होतो. जयपूरच्या भर मध्यातून जातो तो एमआय रोड. दुकानांच्या पाट्यांवर, रिक्षावाल्यांच्या तोंडी, सगळीकडे एमआय. हा मान १९४० च्या दशकात जयपूरचे दिवाण असलेल्या सर मिर्झा इस्माईल यांचा आहे, हे भाचा समजावून सांगतो. मामा ऐकून घेतो आणि पाटीखाली निळ्या जर्सीत फोटो काढतो. मग त्याच रस्त्यावर कुल्हडमधली लस्सी, स्टेशनच्या वाटेवर प्याज कचोरी, आणि ‘कांद्याची कचोरी आपल्याकडे का करत नाहीत’ यावर एक लहानसा परिसंवाद.

सामन्याच्या दिवशी सकाळी मोती डूंगरीच्या गणपतीला जाणं ओघानेच येतं. जयपूरकर नवी गाडी घेतली की पहिल्यांदा तिथेच नेतात. वानखेडेवर ‘गणपती बाप्पा मोरया’च्या गजरात वाढलेल्या प्रेक्षकाला वाटतं, इथे तरी आपलं वजन आहे. पण राजस्थानात गणपतीचा वार बुधवार. आपण मंगळवार धरून बसलेलो. सामना गुरुवारी असेल, तर स्थानिकांनी आदल्याच दिवशी रांग लावून आपलं मागणं नोंदवलेलं असतं आणि मुंबईचा अर्ज उशिरा आलेल्यांच्या गठ्ठ्यात पडतो.

दुपारचं ऊन चाळिशीच्या घरात. तरीही जंतरमंतर बघणं भाग असतं, कारण तिकीट काढून आत जाण्याची मराठी माणसाला एकदा लत लागली की तो एक ठिकाण सोडत नाही. सवाई जयसिंहांनी बांधलेलं तिथलं सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे आणि त्याच्या सावलीवरून दोन सेकंदांपर्यंत अचूक वेळ वाचता येते. जयपूरची सूर्यवेळ भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे २७ मिनिटं मागे आहे, हेही गाइड सांगतो. म्हणजे सामना साडेसातला सुरू होतो तेव्हा जयसिंहांच्या हिशेबाने जेमतेम सात वाजलेले असतात. काकांना या माहितीचा उपयोग नसतो. ते साडेपाचलाच गेटवर असतात.

गेटबाहेरचा बाजार बघण्यासारखा असतो. १८७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स येणार म्हणून जयपूर गुलाबी रंगवलं गेलं. हल्ली पाहुणेच रंगून येतात. पदपथावर रंगाच्या दोन डब्या घेऊन बसलेली मुलं गाल पुढे आला की आधी जर्सीकडे बघतात आणि मग ब्रश बुडवतात. जर्सीवाल्याच्या एका खांद्यावर गुलाबी, दुसऱ्यावर निळ्या. समोरून येणारा माणूस बघून तो खांदा पुढे करतो. रॉयल्सही २०१८ पर्यंत निळाच रंग मिरवायचे. त्या काळात एकच गठ्ठा दोन्हीकडच्यांना विकला गेला असेल, तर त्याला दोष देता येणार नाही. २०१९ पासून रॉयल्स गुलाबी झाले आणि धंद्यात भांडवल दुप्पट गुंतवावं लागलं.

तपासणीच्या रांगेत खरा सामना होतो. पाण्याची बाटली आत नाही. पॉवर बँक नाही. लायटर, अत्तर, सेल्फी स्टिक, काहीच नाही. सुट्टी नाणीसुद्धा बाहेर, कारण ती मैदानात फेकली जाऊ शकतात. अकरा रुपयांची नाणी मैदानात फेकून देईल असा मराठी माणूस अजून जन्मायचा आहे, पण हे शिपायाला कोण सांगणार? शेवटी पाळी येते डब्याची. ‘‘अंकल, ये अंदर नहीं जाएगा.’’ दडपे पोह्यांवर निघालेला हा हुकूम ऐकून काकू रांगेतून बाजूला होतात, झाकण उघडतात आणि मागच्यापुढच्यांना वाटायला लागतात. शिपायालाही मूठभर मिळतात. तो खातो. नियम मात्र तसाच राहतो.

आत शिरल्यावर दिसतं ते सवाई मानसिंह स्टेडियम १९६९ चं. क्रिकेटच्या मैदानाला नाव पोलो खेळणाऱ्या महाराजांचं. मानसिंहांच्या जयपूर संघाने १९३३ मध्ये इंग्लंडला जाऊन तिथल्या मोसमातल्या मोठ्या पोलो स्पर्धा झाडून जिंकल्या होत्या. परमुलखात जाऊन चषक उचलण्याची जयपूरची खोड अशी राजघराण्यापासूनची आहे.

मराठी प्रेक्षकाची या मैदानाशी कसोटीतली पहिली ओळख मात्र एका शून्याची. २१ फेब्रुवारी १९८७ ला इथला एकमेव कसोटी सामना सुरू झाला. समोर पाकिस्तान. इम्रान खानने पहिला चेंडू टाकला आणि सुनील गावसकर बाद. कसोटीच्या पहिल्याच चेंडूवर बाद होण्याची ही त्यांची तिसरी वेळ. आधीच्या दोन बर्मिंगहॅमला आणि कोलकात्याला. मैदानात जागा शोधून बसेपर्यंत गावसकर परतले, अशी चुटपूट किती जणांना लागली असेल याची कल्पना करावी. पंधरवड्यातच अहमदाबादला त्यांनी कसोटीतल्या १०,००० धावा पूर्ण केल्या, त्याही जगात पहिल्यांदा. म्हणजे जयपूरचं तिकीट काढलेल्यांनी एक मुक्काम पुढे जायला हवं होतं.

त्याच कसोटीला परगावहून आलेला एक प्रेक्षक सगळ्यांना पुरून उरला. पाकिस्तानचे अध्यक्ष जनरल झिया उल हक दुसऱ्या दिवशी खेळ बघायला येऊन बसले. सीमेवर दोन्हीकडे सैन्य उभं होतं आणि जनरलसाहेब म्हणे क्रिकेटसाठी आले होते. सामना बघायच्या निमित्ताने दुसरंच काम उरकून घेण्याची ही पद्धत मराठी घरांना नवी नाही. मॅचच्या नावाखाली भाच्यासाठी स्थळ बघून येणारे मामा आपल्याकडे पुष्कळ आहेत. पुढे पाऊस आला, खेळपट्टीवर लाकडाचा भुसा सापडला, त्यावरून वाद झाला, आणि एवढं सगळं होऊन सामना अनिर्णित सुटला.

आता बसण्याची व्यवस्था. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये पाहुण्या चाहत्यांना वेगळा कोपरा, वेगळं दार आणि भोवती पोलिसांचं कडं असतं. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये प्रत्येक संघ मोसमात १६२ सामने खेळतो, त्यातले निम्मे परगावी. तिथले चाहते सुट्ट्या जोडून आपल्या संघामागे शहरोशहरी हिंडतात. प्रेक्षकांत आलेला चेंडू तिथे झेलणाऱ्याच्या मालकीचा होतो. शिकागोच्या रिग्ली फील्डवर मात्र पाहुण्या फलंदाजाच्या होमरनचा चेंडू हाती आला, तर तो बाणेदारपणे मैदानात परत फेकायचा रिवाज आहे. आयपीएलमध्ये दोन्ही संघांनी मारलेले चेंडू निमूट परत द्यावे लागतात, त्यामुळे बाणा दाखवायला एवढीही संधी नाही. वेगळा कोपराही नाही. निळ्या टोपीतल्या काकांच्या डावीकडे सांगानेरचं अख्खं गुलाबी कुटुंब, उजवीकडे अलवरहून आलेली मुलं, आणि मागच्या रांगेत कुणाचा तरी भोंगा, थेट कानाच्या उंचीवर.

पण दोन षटकांत काकांच्या लक्षात येतं की या शत्रूच्या गोटात शत्रू फार थोडे आहेत. गुलाबी जर्सीतला पोरगा रोहित शर्मा टाळ्यांच्या अंतरावर आला की ‘‘रोहितभाई!’’ म्हणून किंचाळतो. चेन्नईचा संघ आला की हेच मैदान पिवळं होतं. ११ एप्रिल २०१९ ला तर धोनी बाद झाल्यावरही पुन्हा मैदानात आला होता. शेवटच्या षटकात नागपूरचे पंच उल्हास गंधे यांनी नोबॉलचा हात केला आणि सहकारी पंचाने तो मान्य केला नाही, म्हणून कॅप्टन कूल डगआउटमधून उठून थेट पंचांशी वाद घालायला गेला. दंड झाला, निम्मं मानधन गेलं, चेन्नईने शेवटच्या चेंडूवर षटकार मारून सामनाही जिंकला. विदर्भातल्या माणसाशी भर उन्हाळ्यात वाद घालू नये, ही साधी गोष्ट धोनीला कुणी आधी सांगितलेली नव्हती.

मराठी पाहुण्याची खरी कोंडी होते ती टाळ्या कुणासाठी वाजवायच्या या हिशेबात. रॉयल्सच्या २००८ च्या विजेत्या संघात सलामीला कोण? गोव्याचा स्वप्नील अस्नोडकर. अनेक मोसम त्यांच्या फलंदाजीचा कणा कोण? अजिंक्य रहाणे, २०१९ मध्ये याच मैदानावर दिल्लीविरुद्ध नाबाद १०५ करणारा, आणि तरीही सामना हरलेला. एकेचाळिसाव्या वर्षी २०१३ मध्ये आयपीएलचं दार कुणासाठी उघडलं? मुंबईच्या मैदानांवर उभी हयात काढलेल्या प्रवीण तांबेसाठी, आणि ते उघडलं रॉयल्सने. २०२५ मध्ये त्यांचा प्रशिक्षक कोण? इंदूरच्या मराठी घरात जन्मलेला राहुल द्रविड. यातल्या कुणाला हरवायला आपण एवढ्या लांब आलो, असा प्रश्न संवेदनशील माणसाला पडतो. काका तेवढे संवेदनशील नसतात, पण त्यांनाही २२ एप्रिल २०२४ ला घाम फुटला.

त्या संध्याकाळी मुंबईने १७९ धावा केल्या. राजस्थानकडून सलामीला आला यशस्वी जयस्वाल, आझाद मैदानावरच्या तंबूत राहून क्रिकेट शिकलेला, रणजी मुंबईकडून खेळणारा. त्याने मुंबईच्या गोलंदाजांना झोडपून नाबाद १०४ केल्या आणि रॉयल्स नऊ गडी राखून जिंकले. मुंबईच्या मुलाने मुंबईला जयपुरात हरवलं. मुंबई जिंकली म्हणावं तर ती हरली होती, हरली म्हणावं तर शतक आपल्याच मैदानातलं. अशा वेळी मराठी प्रेक्षक एक मधला मार्ग काढतो: चौकाराला गप्प बसायचं आणि शतक झालं की उभं राहून, ‘‘शेवटी पोरगा आपलाच,’’ असं डावीकडच्या सांगानेरकरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायचं.

वसुली पूर्ण झाली ती २०२५ मध्ये, आणि मुहूर्तही असा की पंचांगकर्त्यालाही साधला नसता. २८ एप्रिलला चौदा वर्षांच्या वैभव सूर्यवंशीने याच मैदानावर गुजरातविरुद्ध ३५ चेंडूंत शतक ठोकलं होतं. पाय दुखावलेला द्रविड ते बघून व्हीलचेअरवरून उठून उभा राहिला, हे दृश्य देशभर फिरलं. तीन दिवसांनी मुंबईचा सामना. अख्खं जयपूर पोराला बघायला लोटलेलं. मुंबईने दोन गडी गमावून २१७ केल्या. मग पोरगा आला, आणि शून्यावर गेला. राजस्थान ११७ धावांत आटोपलं. मुंबई १०० धावांनी जिंकली. जयपुरात मुंबईचा विजय होता तब्बल तेरा वर्षांनी. तारीख होती १ मे, महाराष्ट्र दिन.

काकांनी तिथल्या तिथे उठून जयजयकार केला, त्यात चूक काहीच नव्हती. फक्त तपशिलात शिरायला नको होतं, आणि नेमका भाचा तपशिलात शिरला. मुंबईकडून सर्वाधिक ६१ धावा केल्या त्या दक्षिण आफ्रिकेच्या रायन रिकल्टनने. जयस्वालची, म्हणजे मुंबईच्या पोराची, विकेट काढली न्यूझीलंडच्या ट्रेंट बोल्टने. आणि हा बोल्ट वर्षभरापूर्वीपर्यंत गुलाबी जर्सी घालून भाच्यासाठी विकेटी काढत होता. ‘‘मग मामासा, महाराष्ट्र दिन नक्की कुणी साजरा केला?’’ यावर मामाने १०५ हुतात्म्यांपासून सुरुवात केली, पण भोंग्यात पुढचं ऐकू आलं नाही.

भाच्याचीही स्थिती फार बरी म्हणता येत नाही. २०२३ पासून रॉयल्स आपले काही ‘घरचे’ सामने गुवाहाटीला खेळतात. घरच्या सामन्यासाठी जयपूरच्या चाहत्याला राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहार आणि बंगाल ओलांडून आसामात जावं लागतं. मामाने हा मुद्दा परतीच्या वेळेसाठी राखून ठेवलेला होता आणि टोंक रोडवरच्या गर्दीत चेंगरताना तो योग्य वेळी वापरला.

रात्री बाराच्या सुमारास स्टेडियमबाहेर रिक्षा मिळवणं हे शेवटच्या षटकात वीस धावा काढण्यापेक्षा अवघड. एक रिक्षावाला थांबतो, निळी जर्सी बघून हसतो, ‘‘हुकम, मैं भी रोहित का ही फॅन हूँ,’’ म्हणतो. काकांना गहिवरून येतं. ते आत बसतात आणि मग भाडं विचारतात. रोहितचा फॅन चारशे सांगतो. जाताना दीडशे दिलेले असतात. घासाघीस सुरू होते. काका रोहितची २०१३ मधली याच मैदानावरची ऑस्ट्रेलियाविरुद्धची नाबाद १४१ धावांची खेळी काढतात, रिक्षावाला त्याच सामन्यातलं कोहलीचं ५२ चेंडूंतलं शतक काढतो, दोघांचं एकमत होतं की असा पाठलाग पुन्हा होणे नाही, आणि रिक्षा साडेतीनशेला हलते.